वाचायला थांबायची जागा

पाटी ओतीव लोखंडाची. वजन जवळजवळ माझ्याएवढं,
आणि माझ्यासारखीच ती पायापासून गंजत येते.
दर तीन वर्षांनी मी तिला रंगवतो.
आधी खरवडायचं, मग पांढरा हात,
मग काळी अक्षरं, बारीक ब्रशनं, श्वास धरून.
रंग जरा जास्त झाला की 'ओ'चं पोट भरतं
आणि शब्दात एक अंडं बसतं.

"या जागी ऑक्टोबर १८६२ मध्ये
दोन तुकड्यांची गाठ पडली. सात ठार.
जनरल पेलहॅम व्हिकर्स याच वाटेने उत्तरेस गेले."
संपलं. ओतकामाचे पैसे अक्षरावर असतात,
सातांची नावं त्यात बसली नाहीत.
जनरलचं बसलं, मधल्या आद्याक्षरासकट.

आणि खरं सांगायचं तर या जागी काहीच झालं नाही.
झालं ते तिकडे, हॉबर्ट स्टिडमच्या गवताच्या रानात,
ओढा वळतो तिथे.
पण तिथे गाडी लावायला जागा नाही, इथे आहे,
म्हणून लढाई पाव मैल उचलून
डांबराच्या कडेला आणून ठेवली.
हॉबर्टच्या नांगराला अजून लागतात शिशाच्या गोळ्या,
बोराएवढ्या, चपटलेल्या.
कॉफीच्या डब्यात टाकतो. डबा आता एका हातानं उचलत नाही.
त्याच्या घरात सांगत आलेत:
सातांमधला एक दोन दिवस जिवंत होता,
स्वयंपाकघरात, चुलीजवळच्या फळ्यांवर.
पाणी मागायचा, आणि मधेच एका गाईला हाक मारायचा.
गाईचं नाव डॅफ्नी.
पाच पिढ्या ते नाव कुणी विसरलं नाही.
त्याचं विचारायचं राहून गेलं.

पुढे दोन मैलांवर पूल आहे.
तिथली पाटी हिरवी, पत्र्याची, रात्री दिव्यात चमकणारी.
तिला माझा रंग लागत नाही.
'स्पेशालिस्ट डस्टिन व्हॅनोव्हर स्मृती पूल.'
पंचावन्नच्या वेगात पूल तीन सेकंदांत संपतो.
डस्टिनपर्यंत वाचून होतं, फार तर.

मे महिन्यातल्या पहिल्या शनिवारी
रेनिता व्हॅनोव्हर येते, शाळेच्या स्वयंपाकघरातली.
बादली, स्पंज, तीन पायऱ्यांची शिडी.
पाटीवर हिवाळ्याचं मीठ साचलेलं असतं.
ते मीठ मीच टाकतो, डिसेंबरात, ट्रकमधून;
तिला माहीत आहे. कधी बोलली नाही.
पुलावर थांबायला मनाई आहे.
म्हणून मी खात्याचा केशरी अंगरखा घालून
दांडीवरची पाटी घेऊन उभा राहतो:
एका बाजूला 'थांबा', दुसऱ्या बाजूला 'सावकाश'.
कामाच्या वहीत याची नोंद नाही.

अकरा मिनिटं.
कोळशाचा ट्रक थांबतो, त्यामागे चर्चची व्हॅन,
मग घोड्याची गाडी ओढणारा पिकअप,
घोडा जाळीतून पाहतो, एवढं काय आहे म्हणून.
परराज्यातली एक बाई काच खाली करते.
"पुढे अपघात झालाय का?"
झालाय, म्हटलं. वीस वर्षांपूर्वी.
तिनं काच वर केली नाही.

मागून कुणी हॉर्न वाजवतं. वाजवू दे.
इथे थांबायला जागा नाही,
म्हणून मी ती हातात धरून उभा आहे.

रेनिता आडनावापाशी पोचली आहे.
स्पंज पिळते, पुन्हा पुसते,
पोराचे कान पुसावेत तशी, कोपऱ्यात बोट घालून.
मग शिडी मिटते. उरलेलं पाणी
कठड्यावरून खाली ओढ्यात ओतते.

मी 'सावकाश' फिरवतो.
ट्रक गिअर टाकतो, व्हॅन सरकते,
आणि परराज्यातली ती बाई जाता जाता
ते नाव मोठ्यानं वाचते, पूर्ण,
आडनाव साफ चुकीचं.
रेनिता मान डोलावते.