वळण

सार्डिनियाच्या डोंगरात पत्तादा नावाचं गाव आहे,
तिथे चाकू घडतात.
एकतीस वर्षं मी त्या गावाची बस चालवली
आणि खिशात चाकू कधी बाळगला नाही.
निवृत्तीच्या दिवशी डेपोतल्या पोरांनी दिला,
मेंढ्याच्या शिंगाची मूठ, मिर्तोच्या पानासारखं पातं.
देताना माझ्याकडून एक नाणं मागून घेतलं,
फुकट दिलेला चाकू मैत्री कापतो म्हणून.

पहिल्या महिन्यात त्याने मी
पाव कापला, पार्सलं फोडली, गंजका स्क्रू पिळला,
लिंबू चिरून तसाच मिटून खिशात टाकला.
महिन्याअखेर टोमॅटोवर टेकवला
तर टोमॅटो नुसताच दबला.

मिन्तोनियाकडे नेला. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, चीज करते.
तिने जोर लावून उघडला, नाकाशी धरला.
"बुस्तियानु, हा चाकू आहे की तुझा मोजा?"
मला कापलं असतं तर रक्त निघालं नसतं.
त्या चाकूने तर नसतंच निघालं.

सांध्यात मी ऑलिव्हचं तेल घातलं होतं,
घरचं, चांगलं, पावाला लावतो ते.
आत बसून त्याचा डिंक झाला होता,
वर खिशातला लोकरीचा भुगा.
कोमट पाणी, साबणाचा थेंब, दातांचा जुना ब्रश,
काडीने कोपरे,
मग कोरडं फडकं, आणि खिडकीत उघडाच, तासभर.
"भिजत ठेवू नकोस. शिंग मेलं तरी फुगतं."
शिवणयंत्राचं तेल, एकच थेंब.
उघड, मीट, उघड,
कुरकुर थांबेपर्यंत.

निसणा दोन होते. सासऱ्याच्या काळातला, मधोमध खोलगट,
त्याला हात लावायचा नाही.
माझ्यासाठी नवा, सपाट, पाण्यात भिजवलेला.
तिने काळ्या मार्करने धारेवर रेघ ओढली,
"कुठून पुसली जाते ते बघ."
वरून पुसली गेली: पातं फार आडवं.
नुसती कडेवरून गेली: फार उभं.
पोटावर जमलं एकदाचं,
टोकाजवळ मात्र रेघ तशीच, काळी कुळकुळीत.

तिथे पातं वळतं.
आणि वळण मला कोणी शिकवायला नको.
ओझिएरीहून चढताना कॉर्क-ओकमधलं ते लांब वळण
संपलं वाटतं तिथे संपत नाही,
स्टीअरिंग जरा लवकर सोडलं
की मागच्या सीटवर बायकांच्या टोपल्यांतली अंडी फुटतात.
धरून ठेवायचं. मूठ किंचित उचलत न्यायची.
रेघ गेली, पार टोकापर्यंत.

मग अंगठा, धारेला आडवा, कधीही लांबीने नाही.
पलीकडच्या अंगाला लागली ती
मांजराच्या जिभेसारखी खरखर.
"आली ना? आता दुसरी बाजू."
मग हलक्या हाताने. मग त्याहून हलक्या.
शेवटी माझ्या युनिफॉर्मच्या पट्ट्यावर, उलटा ओढत.

या खेपेला टोमॅटोला कळलंसुद्धा नाही.

इतका खूश झालो की रोज रात्री धार लावत बसलो,
कागद चिरला, हाताचे केस भादरले,
बायकोने धारेवर धरलं तेव्हा कुठे थांबलो.
मिन्तोनियाने काही न बोलता स्वतःचा चाकू उघडला.
दोन बोटं रुंद पातं
पन्नास वर्षांत गव्हाच्या पातीएवढं उरलेलं.
"धार कुठून येते वाटतं तुला?
रोज फक्त पूस. लाव तेव्हा, जेव्हा टोमॅटो तक्रार करेल."

हिवाळ्यापासून तिचा उजवा हात थरथरतो.
काल चीज कापता कापता थांबली,
चाकू पुसला, मिटला, टेबलावरून माझ्याकडे सरकवला.
"तुझ्या हाताला वळण बरं लागलंय," म्हणाली.
माझा हात आपोआप खिशात गेला.
"नाणं काय शोधतोस? देत नाहीये,
गुरुवारी परत हवाय."

घरी येऊन दगड भिजत घातला, मार्कर उघडला.
रेघ ओढायला फार जागाच नव्हती.