सिस्टीम घेत नाही

मारुती रोडच्या दुकानातलं पोरगं म्हणालं,
काकू, स्कोअर सातशे एक्क्याण्णव, झकास आहे.
मग स्क्रीन माझ्याकडं वळवली.
लाल अक्षरं : पोस्टपेड नामंजूर.

का रे?
कारण येत नाही त्यात.

स्कूटीचा हप्ता, पिको मशीनचा,
पुराच्या साली चिखल तुडवत जाऊन भरलेला, तोही
सगळं त्या आकड्यात आहे म्हणे.
आकडा चांगला आहे.
मग राहिलं कोण?

आधार कार्ड पर्समध्ये सारलं.
चेन अडकली, ती ओढत बसले.

तेवढ्यात ते हळूच,
काकू, तुमच्या भिशीत एखादा नंबर आहे का?
ताईचं ठरलंय.

वही काढली. कुंभोजकर वहिनींच्या खाली
एक ओळ रिकामी.
नाव सांग.
सुयोग.

पेन त्याचंच घेतलं.
दहा तारीख. उशीर चालत नाही.