पोहरा

गुरुवारची रात्र, रुवीमधलं हिलालशेठचं ऑफिस.
मी, आणि एक कोरं मशीन
ज्याला अजून काहीच माहीत नाही.
मी टाइप करते: पॉड इन्स्टॉल.
ते म्हणतं, रुबी जुनी आहे.
नवी आणते.
ते म्हणतं, आता दोन झाल्या, कुठलीला विचारू?
पाथमध्ये जाऊन सवतींचं भांडण मिटवते,
एकीला पुढे, एकीला मागे.
ते म्हणतं, हा तुकडा दुसऱ्या चिपसाठी बांधलाय.
तोही उपटून पुन्हा लावते.
मग ते गप्प बसतं.
हे गप्प बसणं चांगलं की वाईट,
अकरा वर्षांत मला कळलेलं नाही.

अ‍ॅप तसं साधं.
गोड्या पाण्याचे निळे टँकर,
कुणाच्या टाकीत किती गॅलन, गेट कोण उघडणार.
अमरातच्या चढावरून दिल मुरादचा फोन:
"मॅडम, स्क्रीन पांढरी."
त्याला कसं सांगू,
आपण चार पॉड बोलावले होते, आले एकेचाळीस.
पाहुण्यांनी आपले पाहुणे आणले,
त्यांनी त्यांचे मेहुणे.
"दहा मिनिटं," मी म्हणते.
"मग मी जेवून घेतो," तो म्हणतो.
त्याला माझी दहा मिनिटं ठाऊक आहेत.

अडलंय ते नकाशाच्या पॉडवर.
पत्ता सेल्वराजच्या स्वतःच्या खात्याचा,
आणि खातं बंद.
आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार –
ही म्हण मी जतच्या शाळेत पाठ केली होती.
तिथे आड खिडकीतूनच दिसायचा,
बाईंना अर्थ सांगावा लागला नाही.

सेल्वराजला मी पाहिलेलं नाही.
मला त्याची खुर्ची मिळाली, त्याच्या पाठीचा खळगा असलेली,
आणि ड्रॉवरमध्ये लिंबाच्या लोणच्याची एक पुडी.

लॉक फाइल उघडते.
कोण कुणाच्या भरवशावर, कितव्या आवृत्तीपर्यंत,
सगळं लिहिलेलं. माझ्या रहिवासी कार्डासारखं:
माझ्या नावाखाली निरंजन, नाते पती, अवलंबित.
तो आत्ता वादी कबीरला मटकी शिजवतोय,
आणि गाडीची किल्ली त्याच्याकडे,
म्हणून घरी पोचायला मी त्याच्यावर अवलंबित.
कंप्युटर याला चक्र म्हणतो
आणि काम थांबवतो.
आमचं नऊ वर्षं चाललंय.

साडेदहाला चहा करायला उठले
आणि किटलीखाली बघितलं.
उंची यावी म्हणून ठेवलेला एक जुना मॅक,
वर चहाचे गोल डाग.
वायर लावली. पंखा खोकत सुरू झाला.
पासवर्ड खालच्या बाजूला चिकटवलेला, तमिळ अक्षरांत;
तळमजल्यावरच्या लाँड्रीतल्या मुरुगेसनकडून वाचून घेतला.
कॅशेच्या फोल्डरात, खाली, अगदी खाली,
नकाशाचा पॉड, धडधाकट.

पेनड्राइव्हवर घेताना पहिली ओळ वाचली:
"तात्पुरतं आहे. पुढच्या महिन्यात काढतो. से."
तारीख सहा वर्षांपूर्वीची.

मुरुगेसनला विचारलं, तुम्ही इथे कधीपासून?
"दोन वर्षांसाठी आलो," तो म्हणाला,
"शहाण्णव साली."

पॉडफाइलमध्ये पत्ता बदलला. चालवलं.
एकेचाळीस नावं एकापाठोपाठ हजेरी देत गेली.
तरी बिल्ड लाल.
पाच मिनिटं कपाळाला हात लावून बसले,
मग दिसलं, मी निळी फाइल उघडलीय.
पांढरी उघडायची असते. निळी नाही, पांढरी.
नवशिक्यांना हे मीच ओरडून सांगते.

पावणेबाराला दिल मुरादचा फोन.
बोलला काहीच नाही,
नुसता टाकीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकवला.

सेल्वराजच्या ओळीखाली मी लिहिलं, "अजून आहे."
जुना मॅक ओल्या फडक्याने पुसला.
खाली निरंजनने हॉर्न दिला, एकदा, मग परत.
सकाळी किटली ठेवायला काहीतरी लागणारच होतं.
मॅक होता तिथेच ठेवला,
फक्त वायर काढली नाही.