बजावणी

एकवीस वर्षं मी या काउंटीत समन्स बजावतोय.
खाटकाला बजावलं, पाद्र्याला बजावलं,
एकदा सख्ख्या मेव्हण्याला, थँक्सगिव्हिंगच्या आदल्या संध्याकाळी.
त्यानं लावलेलं दार अजून उघडलेलं नाही.
कागद हातात पडला की माणूस आधी
आपलं नाव बरोबर लिहिलंय का ते बघतो.

आजच्या कागदावर नावाची जागा अशी भरली आहे:
अज्ञात इसम. उंची अंदाजे सहा फूट.
गळपट्टा करडा, डोळ्यांपर्यंत ओढलेला.
उजव्या बुटाची नाडी नारिंगी.

नाडी युसेबियो त्झोकनं पाहिली,
कारण त्याचा गाल डांबरावर दाबलेला होता
आणि तिथून तेवढीच दिसत होती.
मश्रूमच्या शेडमधली रात्रपाळी संपवून निघालेला.
खिशात परमिट. ते कुणी मागितलंच नाही.
लॉन्ड्रीच्या कॅमेऱ्यात मनगट मोडताना दिसतं,
आवाज नाही.
आवाज दुसऱ्या मजल्यावरच्या मिसेस ड्रोबनिकनं ऐकला;
जबानीत म्हणते, सेलरीची काडी मोडावी तसा,
आणि तेव्हापासून तिनं सेलरी आणलेली नाही.

वॉशिंग्टनचे वकील येतील, बॅगांची चाकं वाजवत.
म्हणतील, तो केंद्राचा माणूस, कर्तव्य बजावत होता,
राज्याच्या कायद्याचा हात तिथवर पोचत नाही.
खटला उचलून स्वतःच्या कोर्टात नेतील.
तिथे तो मरेलही कदाचित.

मी वकील नाही.
मला एवढं कळतं की तो रस्ता काउंटीचा आहे,
त्यावरचा बर्फ काउंटी उपसते,
आणि हाड त्या रस्त्यावर मोडलं.
माझ्या पोरानं शेजारच्याचं मोडलं होतं, बेसबॉलच्या बॅटनं.
वर्षभर हप्ते भरले आम्ही.
केंद्र कुठे आहे, कुणी विचारलं नाही.

त्यानं कर्तव्य बजावलं म्हणतात.
बरं. मलाही बजावायचंय.

काचेमागचा पहारेकरी यादीवर बोट फिरवल्यासारखं करतो.
"या वर्णनाचं इथे कुणी नाही."
"नाव सांगा, मग शोधतो."
नावच तर हवंय, मी म्हणतो.
तो फोन उचलतो, कुणाशीच बोलत नाही.

पाच वाजता पाळी सुटते.
मी पार्किंगच्या फाटकाशी उभा,
भुरभुर बर्फ, कागद कोटाच्या आत, छातीशी.
तोंडं झाकलेलीच आहेत, म्हणून खाली बघतोय.
काळी नाडी. काळी. तपकिरी.
एक चेनवाला बूट.
काळी.