आधी कोण, मग कोण

रेडिओवरचा माणूस म्हणाला, आज रात्री उणे दोन.
बाहेर तर ऊन होतं.
केसेगच्या चर्चवर कबुतरं अंग शेकत बसलेली,
कोपऱ्यावरचा पाववाला अजून अर्ध्या बाहीत.
पण चार वाजता तिसऱ्या मजल्यावरून
नळाच्या पाइपावर चमच्याचे तीन ठोके आले,
म्हणजे गिझेला नेनी. म्हणजे मी.
वर्षातून दोनदा: एप्रिल सरताना, ऑक्टोबर सरताना.

वेंडेल, कंबर कशी आहे?
आहे, मी म्हटलं.
मग चल.

आधी बेगोनिया,
ती थंडीचं नुसतं नाव ऐकून काळी पडते.
मग झाडधोत्रा. त्याचे पिवळे कर्णे अजून उघडे,
लोंबते, दिवे लागताना वास सोडणारे,
आणि ते छाटायचे.
फुलांसकट? मी दरवर्षी विचारतो.
फुलांसकट, त्या दरवर्षी सांगतात.
कात्री त्यांची, बादली माझी.

जिरेनियम मुळांसकट उपटायची, माती झटकायची,
वर्तमानपत्रात गुंडाळून
तळघरात उलटी टांगायची, वटवाघळांसारखी.
यंदा मुळांच्या वाट्याला
महापौरांचं भाषण आलं, अख्खं पान.

लिंबाचं झाड मात्र दिवस भरलेल्या बाईसारखं:
एक पाऊल, थांब, एक पाऊल.
कठड्याला लागेल!
नाही लागत.
लागलं.
एक लिंबू सुटलं, पायरी पायरी टणटणत
थेट तळमजल्यावर गेलं,
आणि तिथल्या बोल्दिझारनं ते झेलून वर पाहिलं.
माझ्या चहात गेलं, ओरडला, आणि दार लावून घेतलं.

पानांमागे खवल्यांचे किडे.
साबणाचं कोमट पाणी, जुन्या बनियनची चिंधी,
एकेक पान पुढून, मागून,
परीक्षेला निघालेल्या पोराचे कान पुसावेत तसं.
अंजिराच्या कुंडीत एक बेडूक निघाला,
अर्धा मातीत, झोपेच्या तयारीत.
याचं काय करू?
त्याला कशाला उठवतोस? राहू दे.
त्याचं भाडं मी भरते.

दोन मजल्यांमधल्या वळणावर, उत्तरेच्या खिडकीशी
सगळी दाटीनं उभी राहिली,
दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखी,
अजून एकमेकांशी न बोलणारी.

राहिली कण्हेर.
तिला असू दे आठवडाभर, नेनी म्हणाल्या,
उणे पाचपर्यंत ती हूं की चूं करत नाही.

मग त्यांनी एप्रन सोडला.
दाराआड सुटकेस होती,
जुनीच, पण ओल्या फडक्यानं पुसलेली.
सोमवारी मुलगी येतेय ग्योरहून.
तिच्याकडे लिफ्ट आहे. फरशीसुद्धा गरम असते म्हणे.
हिवाळ्यापुरतं, म्हणाल्या.
मी म्हटलं, हो. हिवाळ्यापुरतं.

पाणी पंधरा दिवसांनी. कमीच घाल.
जास्त माया केलीस तर कुजतील.
माझ्याबद्दल अशी तक्रार अजून कुणी केलेली नाही, मी म्हटलं.
त्या हसल्या, आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या.

आणि कण्हेर? ती एकट्याला उचलत नाही.
बोल्दिझारला सांग.
लिंबू खाल्लंय त्यानं.

मंगळवारी किल्लीनं दार उघडलं.
बाल्कनीत कुंड्यांची वर्तुळं उरलेली,
परातीएवढी, ताटाएवढी, बशीएवढी,
बाकी सगळी फरशी दवानं ओली.
एका वर्तुळात फिल्लेरचं नाणं चिकटलेलं,
आता कुठल्याच दुकानात न चालणारं.
नखानं सोडवलं, खिशात टाकलं.

कण्हेर कोपऱ्यात उभी होती,
पानांच्या कडांवर बारीक पांढरं.
शनिवारी येतो, तिला म्हटलं, दोघं येतो.
तिनं हूं की चूं केलं नाही.