रुंदी एकवीस

अक्कलकोट रोडला दुपारी लाइट गेली
की माग एकदम थांबतात आणि शांतता कानात ठणकते.
इन्व्हर्टरवर माझा कॉम्प्युटर तेवढा चालू, आणि एक पंखा.
तेव्हा नरसप्पा चिप्पा ऑफिसात येऊन बसतात.
वय अडुसष्ट, चष्म्याच्या दांडीला सुताची गाठ.
चादरींचे ग्राफ काढायचे ते, कागदावर, चौकोन चौकोन भरून.
आता डिझाइन सुरतेहून मेलवर येतं
आणि नरसप्पा टॉवेल मोजतात.

एकदा त्यांनी पाहिलं :
मी एक तारीख लिहिली,
कोपऱ्यातला ठिपका धरून खाली ओढला
आणि अख्खा मार्च उतरला.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, ‘पण तुझे चौकोन आडवे की गं.
ह्यात मोर काढला तर म्हैस होईल.’

खरं होतं.
मी नवीन शीट उघडली, सगळे रकाने धरले,
रुंदी लिहिली एकवीस,
ओळीच्या उंचीइतकीच.
पडदाभर ग्राफ झाला.
नरसप्पांनी खिशातून हात काढला,
पँटला पुसला, आणि माउस मागितला.

चार दिवस लाइट जाण्याची वाट बघत होते ते.
ओकटी, रेंडु, मूडु, ओठांतल्या ओठांत मोजत
एक चौकोन मरून, दोन सोडून, एक मरून.
मी सांगितलं : एकदा भरलं की कंट्रोल-वाय,
पुन्हा पुन्हा तेच होतं.
सांगितलं : चुकलं तर कंट्रोल-झेड.
‘उसवायचं नाही?’
उसवायचं नाही, मामा.
‘धागा वाया जात नाही?’
धागाच नाही.
ह्यावर ते हसले, पण जरा उशिरा.

शनिवारी पगार होते.
‘पगार-मार्च-फायनल-दोन’ मध्ये कुणीतरी
पिवळा, हिरवा, जाड, तिरका असा बाजार मांडलेला.
मी सगळं धरलं, कंट्रोल आणि उलटी तिरकी रेघ,
फॉरमॅटिंग साफ.
आकडे जिथल्या तिथे, स्वच्छ.
त्याच झपाट्यात शेजारचीही शीट साफ केली.
तिच्यात आकडा एकही नव्हता.
नुसता रंग होता.
रंग गेला आणि काही गेल्याचं
बेरजेला कळलंसुद्धा नाही.

सोमवारी ते पांढऱ्या पडद्यासमोर बसून राहिले.
मला ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं.
‘वाळवीनं खाल्लं होतं एकदा,’ म्हणाले,
‘पण तिला चार महिने लागले.’

मी फाइलचा इतिहास उघडला.
उजवीकडे तारखांची उतरंड :
शुक्रवार, चार वाजून दहा.
बोट ठेवलं, आणि मोर आला,
शेपटीचं एक पीस अजून कोरं, होता तसाच.
नरसप्पा खुर्ची ओढत जवळ आले.
‘किती मागे जाता येतं गं ह्याला?’
फाइल पहिल्यांदा उघडली त्या दिवसापर्यंत.
‘त्याच्या मागे?’
त्याच्या मागे नाही.
त्यांनी मान हलवली, मिलचा भोंगा बंद झाला
त्या वर्षाचा हिशेब करत असावेत,
किंवा टॉवेलांचा. मी विचारलं नाही.

पीस पुरं झाल्यावर म्हणाले, वर एक ओळ घाल.
मी घातली. वाटलं, स्वतःचं नाव लिहितील.
एका बोटानं, अक्षर शोधत शोधत त्यांनी लिहिलं :
पंचिंग – अंबव्वा चिप्पा.
काकू पुठ्ठ्यांना भोकं पाडायच्या,
त्यांच्या प्रत्येक ग्राफची, घरी, चुलीशेजारी बसून.
कुठल्याच चादरीवर ते छापत नाहीत.

‘खाली गेलं की ही ओळ वर निघून जाते,’ तक्रार केली.
मी पहिली ओळ गोठवली.
ते चाक फिरवत राहिले :
चोच, मान, पंख, पिसारा,
मग रिकामे चौकोन, शंभर, दोनशे, पाचशे,
तरी फिरवत राहिले.

लाइट आली. माग धडधडले.
उठताना काहीतरी बोलले ते,
मला ऐकू आलं नाही.