चार हजारांवरचा खड्डा

परळच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
एक्स-रेच्या रांगेपलीकडे माझी खोली.
भिंतींना फोम, दाराला दोन कड्या.
रस्ता आत येतो तो फक्त तळपायांतून.

हसन परकार. वय एकाहत्तर.
माझगावच्या गोदीत बत्तीस वर्षं रिव्हेट ठोकले.
हेडफोन चढवताना विचारतात,
"बाय, सूर कधी वाजला ते सांगू
का कुठला वाजला ते?"
मी म्हणते, नुसतं बोट वर करा.

प्रश्न माझ्याकडेच राहतो.

एम.एस्सी.ला पोंक्षे सरांनी
फळ्यावर दोन आलेख काढले होते, एकाखाली एक.
वरचा चिमटीत आवळला की खालचा
लाटण्याखालच्या कणकेसारखा पसरायचा.
खालचा सावरला की वरचा सुटायचा.
दोघांच्या रुंदीचा गुणाकार
एका आकड्याखाली उतरेना.
"भायखळ्याच्या भाजीबाजारात घासाघीस चालते," सर म्हणाले,
"इथे नाही."

एक हजारचा सूर मी दोन मिलिसेकंदांत छाटला
तर उरतो नुसता टक्.
टक् म्हणजे खूप सूर एकदम,
म्हणून त्यातला एकही नाही.
आणि एकच सूर हवा, अगदी एकच,
तर त्याला सुरुवात नको, शेवट नको,
परकारांच्या आधीपासून वाजत असायला हवा तो
आणि माझ्यानंतरही.

मशीन मधला रस्ता काढतं:
सूर हळू चढवतं, हळू उतरवतं,
झोपलेल्या घरात रात्रपाळीहून आलेला माणूस
दार लोटतो तसं.
सगळ्यांत कमी सांडणारा आकार घंटेचा,
पलीकडच्या आलेखातही घंटाच.
त्याहून वेगाने दोन्हीकडे विझणारं काही सापडलं,
तर ते मुळात नव्हतंच.
हे सरांनी सिद्ध केलं तेव्हा
वर्गात सात जण होतो, दोघं झोपलेले.

पाचशे. बोट वर.
हजार. बोट वर.
दोन हजार. थांबून, वर.
चार हजार.
चार हजार, आणखी मोठा.
काचेपलीकडे ते माझ्याकडे बघून हसतात,
मी अजून सुरूच केलं नाही असं समजून.

हातोड्याच्या ठोक्यात सगळेच सूर होते.
नेला त्याने नेमका हा पट्टा.
याचं कारण मला ठाऊक आहे,
कानाच्या नळीची लांबी, वगैरे.
तरी कागदावर तो खड्डा काढताना
पेन्सिल जरा जोरात टेकते.

"बायकोचं नाव हल्ली अर्धंच ऐकू येतं," ते म्हणतात.
"अकीना."
मी कागद उलटा करते, मोठ्या अक्षरात 'स' लिहिते.
'स' हा सूर नाही, परकारचाचा,
नुसती हवा आहे, दातांमधून सांडलेली,
तिला नेमकी जागाच नाही.

ते अक्षराकडे बघतात.
मग ओठ किंचित उघडून
बराच वेळ हवा सोडत राहतात,
माझ्या बंद खोलीत,
स्वतःला ऐकू न येणारी.
मी बोट वर करते.